दरवाजा उघडायचा कुणी?

पहिली पाळी सुटली की साडेतीनच्या सुमारास मी घरी पोहोचते. धाकटी दोन्ही हात वर करून धावत येते आणि मी तिला उचलून घेत नाही. महाडच्या एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नमुने तपासते. सॉल्व्हंटचा वास एप्रनमधून कपड्यांत आणि केसांत मुरतो. म्हणून आधी अंघोळ, मग मूल. ती बाहेरून न्हाणीघराचं दार बडवते, मी आतून गाणं म्हणत भराभर पाणी घेते. ओल्या केसांनी बाहेर आले की ती मानेत तोंड खुपसते, ते रात्री झोपेपर्यंत सोडत नाही. दिवसभरातलं माझं सगळ्यात मोठं सुख हेच, आणि सगळ्यात जास्त टोचतं तेही हेच.

थोरला चौथीत आहे. माझ्या आणि ह्यांच्या पाळ्यांचा तक्ता त्याला तोंडपाठ आहे. आजीने कालवलेला मऊ भात तो बहिणीला भरवतो, तोंड पुसतो, तिला ढेकर आली की टाळ्या वाजवतो. ते बघताना ऊर भरून येतो. पण नऊ वर्षांच्या पोराला हे सगळं इतकं सफाईने का यावं, हा प्रश्नही तिथेच उभा राहतो. रविवारी मात्र घर आमचं असतं. सकाळी घावनांचं पीठ, नारळाचा रस, जाळी पडलेलं पहिलं घावन कुणाचं यावरून भांडण, आणि ओट्यावर बसवलेल्या धाकटीच्या अंगभर पीठ. त्या एका सकाळसाठी सहा दिवस पेलतात.

एरवी आमचं घर चालतं ते सासूबाईंच्या गुडघ्यांवर. पोलादपूरकडचं घर कुलूप लावून त्या इथे आल्या. गुडघे दुखत असताना दोन वर्षांच्या मुलीमागे धावतात. एकदा त्या म्हणाल्या, "आम्ही पोरं बांधावर झोळीत ठेवून लावणी केली. पण पोर नजरेसमोर तरी असायचं गं." मला जे मांडायचं आहे, ते त्यांच्या या एका वाक्यात आलं आहे.

महाडपासून रायगड सुमारे 25 किलोमीटर. पाहुणे आले की आम्ही गडावर जातो, हिरकणी बुरूज दाखवतो. यंदा थोरल्याने शाळेत हिरकणीवर भाषण केलं आणि त्याला बक्षीस मिळालं. दूध विकायला गडावर आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि रात्रीच्या अंधारात तिने उतरलेला तो कडा. ही आख्यायिका मला लहानपणापासून प्रिय आहे. आई झाल्यावर तर त्या बुरुजावरून खाली बघवत नाही. पण कौतुक करताना आपण सगळे कड्याबद्दल बोलतो. कथेतला दरवाजा शत्रूच्या भयाने बंद होता, त्याला कारण होतं. आज नोकरी करणाऱ्या आईसमोरचा दरवाजा बंद असायला कुठलंही कारण नाही.

मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. धाकटीच्या वेळी ती मला पूर्ण मिळाली आणि तिचं मोल मी जाणते. पण 26 आठवडे म्हणजे सहा महिने, बाळाला वरचं अन्न नुकतं सुरू होतं ते वय. अंगणवाडीत मूल बसतं ते तीन वर्षांचं झाल्यावर. मधली अडीच वर्षं मूल कुठे ठेवायचं? मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला सुट्टी, असंही कायदा सांगतो. बाळ सात किलोमीटरवर असेल तर ती सुट्टी घेऊन मी काय करणार होते? प्रयोगशाळेच्या कपडे बदलायच्या खोलीत दूध पिळून बेसिनमध्ये सोडलं आहे मी. त्यावेळी जे वाटलं, ते कुठल्याच आईच्या वाट्याला येऊ नये.

उपायही त्याच दुरुस्तीने दिला. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायला हवं. इथे 50 मोजायचे ते सगळे कर्मचारी, नुसत्या बायका नव्हेत. आमच्याकडे बायकाच कमी, खोली कशाला अडवायची, हे उत्तर मी ऐकलं आहे. ते मला मान्य नाही. बायका कमी का आहेत, याचं एक कारण ती नसलेली खोलीच आहे. माझ्याबरोबर शिकलेल्या दोघी पहिल्या बाळंतपणानंतर घरी बसल्या, आणि दोघींचा हात माझ्यापेक्षा सफाईदार होता.

एकेका कारखान्याला जड जात असेल, तर अनेकांनी मिळून सामाईक पाळणाघर चालवायलाही कायद्याची मुभा आहे. औद्योगिक वसाहतीत, पण रासायनिक युनिटांपासून लांब, एक इमारत. पहिल्या पाळीच्या आधी उघडणारी, दुसरी सुटल्यावर बंद होणारी. दोन प्रशिक्षित बायका, एक स्वयंपाकीण, गरम पाणी, जाळीच्या खिडक्या. कंत्राटावर पॅकिंग करणाऱ्या बायकांची मुलंही तिथे हवीत, कारण त्यांच्या घरी बहुतेक वेळा सासूबाईही कामावर असतात. आम्ही काही जणींनी तसा अर्ज लिहून सह्या गोळा करायला घेतल्या आहेत. पाळणाघर उभं राहीपर्यंत माझी मुलगी कदाचित अंगणवाडीत जायला लागेल. पॅकिंगमधल्या एकीला मात्र सध्या सातवा महिना आहे. पहिली सही तिची आहे.