शिकण्याचा पैसा कोठें खर्चावा?

यंदा ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी गणपतीच्या दर्शनास आमच्या घरीं आला. दर्शन झालें, हातावर प्रसाद पडला, तरी स्वारी उठेना. वर्गांत गणित अडलें म्हणजे तो असाच बांकाच्या कडेला गप्प बसून राही. तेव्हां कांहीं तरी विचारावयाचें आहे हें आम्हीं ओळखलें.

परशुरामचा घाट ओलांडला म्हणजे लोटे येथें रासायनिक कारखान्यांची जी वसाहत लागते, तेथील एका कारखान्यांत तो आठ वर्षें नोकरीस आहे. पंपांची देखभाल त्याच्याकडे असते. त्याच्या कारखान्यांत प्रत्येक माणसाच्या नांवें दर वर्षीं कांहीं रक्कम शिक्षणासाठीं बाजूस काढून ठेवितात. तीस तेथें ‘लर्निंग बजेट’ म्हणतात. यंदा त्याच्यापुढें दोन वाटा होत्या. घरीं बसून संगणकावर चाळीस तासांचा वर्ग पुरा करावा आणि प्रमाणपत्र घ्यावें, ही एक. जेथून पंप येतात त्या सांगलीकडील कारखान्याच्या दुरुस्तीशाळेंत तीन आठवडे राहून प्रत्यक्ष काम करावें, ही दुसरी.

“आई म्हणते, प्रमाणपत्र निदान भिंतीला लावतां येतें, दुसऱ्याच्या कारखान्यांत हात काळे करून घरीं काय येणार? आणि गुरुजी, माझेंहि मन कचरतें. मी इथला आठ वर्षांचा जुना माणूस. तिथें शिकाऊ पोरांत जाऊन बसायचें, आणि हातून कांहीं बिघडलें तर?”

आम्हीं त्यास लगेच उत्तर दिलें नाहीं. कारण याच प्रश्नाचें चुकीचें उत्तर आम्हीं पूर्वीं एकदां दिलेलें आहे, आणि त्याची किंमत आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांनीं भरली आहे.

आमच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षींची गोष्ट. शाळेच्या पुस्तकालयाची देखरेख आमच्याकडे होती. नोकरवर्गाच्या शिक्षणासाठीं म्हणून थोडी रक्कम शिल्लक होती. ग्रंथपाल बाईंनीं विनंती केली कीं, पुण्यास जुन्या पोथ्यापुस्तकांची डागडुजी करणारी एक संस्था आहे, तेथें आपणांस बारा दिवस कामास पाठवावें; ती संस्था शिकविण्यास राजी आहे. आम्हीं हिशेब केला. तेवढ्याच पैशांत बाहेरून एक विद्वान वक्ते बोलावतां येत होते, आणि साऱ्या शिक्षकांस एक दिवस व्याख्यान, चहा व जेवण देतां येत होतें. एका माणसावर सारा पैसा कां खर्चावा, त्यापेक्षां सर्वांचा लाभ पाहावा, असें मोठ्या न्यायबुद्धीनें बोलून आम्हीं व्याख्यानाच्या बाजूनें मत दिलें. व्याख्यान उत्तम झालें. विषय होता ‘ग्रंथांचें मोल’.

पुढें २२ जुलै २०२१ उजाडला. वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचें पाणी गांवांत कसें चढलें, हें चिपळूणकरांस सांगावयास नको. पाणी ओसरल्यावर आम्ही शाळेंत धांवलों. तळमजल्यावरील पुस्तकें चिखलांत होतीं, आणि वीज नव्हती. आम्हीं सर्वांनीं मिळून तीं उचललीं, घाईघाईनें उघडलीं, पानें सोडविण्याची खटपट केली आणि दोऱ्यांवर टांगलीं. अंतःकरण शुद्ध होतें, परंतु हात अडाणी होते. भिजलेल्या ग्रंथाचीं पानें ओढून सोडवूं नयेत. त्याला आधार देऊन सावलींत, वाऱ्यावर हळूहळू वाळवावें. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते म्हणून कोणता ग्रंथ आधीं हातीं घ्यावयाचा हें प्रथम ठरवावें. गुळगुळीत चित्रांचा कागद वाळतांना एकमेकांस कायमचा चिकटतो म्हणून त्याला विलंब चालत नाहीं — यांतलें एकहि आम्हांस ठाऊक नव्हतें. मुलांच्या आवडीचे सचित्र ग्रंथ विटांसारखे घट्ट झाले. आमचा आपट्यांचा संस्कृत कोश फुगून त्याची बांधणी उकलली. ग्रंथपाल बाई आम्हांस एक शब्दहि बोलल्या नाहींत. त्या बोलत्या तर बरें झालें असतें.

दुसऱ्या वर्षीं शाळेनें बाईंस त्याच संस्थेंत बारा दिवस पाठविलें. परत येतांना त्यांनीं एक लहानशी पेटी आणली : गव्हाच्या सत्त्वाची खळ करण्याचें साहित्य, मऊ कुंचले, पातळ जपानी कागद आणि घडी दाबावयाची पट्टी. त्यांनीं आपट्यांचा कोश पुन्हां बांधला आणि नववींतील दोन मुलींस खळ लावण्यास शिकविलें. परंतु जीं पानें चिकटलीं तीं चिकटलींच.

ही हकीकत आम्हीं त्या विद्यार्थ्यास सांगितली. तरी त्याची खरी शंका राहिलीच होती. बिघडलें तर काय? आणि आपल्याच कारखान्यांत शिकावयाचें सोडून दुसऱ्याकडे जावयाचें कशाला? त्याचें उत्तर आम्हांस सुचलें नाहीं. तें स्वयंपाकघरांतून आलें. आमचें कुटुंब सर्व ऐकत होतें. तें बाहेर येऊन म्हणालें :

“मी मोदक शिकलें तें गुहागरास मावशीकडे. आईच्या घरीं चतुर्थीला एकशें एक मोदकांची घाई. नव्या हातांत उकड कोण देणार? मावशीनें श्रावणांतल्या एका संकष्टीला वाटीभर उकड माझ्यासाठीं वेगळी काढली आणि म्हणाली, ‘ही तुझी. हवी तशी फाडून टाक.’ सात पाऱ्या फाटल्या. त्या उकडीच्या निवगऱ्या केल्या. आठवी पारी उभी राहिली.”

वाचकहो, आमच्या चाळीस वर्षांच्या अध्यापनांत शिक्षणाच्या खर्चाची इतकी नेमकी व्याख्या आम्हांस कोठें आढळली नव्हती. हात शिकतो तो बिघडवून शिकतो. बिघडलेल्या वस्तूची किंमत कोणीतरी भरावीच लागते. ती आधींच बाजूस काढून ठेविली असेल, तरच शिकणारा निर्भयपणें हात घालतो. शिकण्याचा पैसा म्हणजे ती वेगळी काढलेली वाटीभर उकड होय. आणि मावशीचें घर कां, तर आपल्या घरीं पानें मांडलेलीं असतात. चालत्या कारखान्यांत पंप बंद ठेवून कोणी शिकवीत बसत नाहीं, आणि जुन्या माणसास आपल्या हाताखालच्यांसमोर बाळबोध प्रश्न विचारण्याची लाज वाटते. परक्या घरीं ही अडचण राहत नाहीं.

आमच्या शास्त्रकारांनीं ही गोष्ट पुरातन कालींच ओळखली होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नांवाचा आहे. योग्या म्हणजे हाताचा सराव. सर्व शास्त्र पढलेला शिष्यहि सरावावांचून प्रत्यक्ष कर्मास अपात्रच, असा तेथें अभिप्राय आहे. म्हणून कोहळा, दुध्या भोपळा, काकडी यांवर छेद घेण्याचा. पाण्यानें आणि चिखलानें भरलेल्या कातडी पिशव्यांवर भेद करण्याचा. जाड वस्त्राच्या व मऊ कातड्याच्या कडांवर शिवण घालण्याचा. आणि मनुष्याकृति पुतळ्यावर पट्ट्या बांधण्याचा सराव सांगितला आहे. भोपळा फाटला तर भाजींत जाईल. रोग्याचें तसें नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या पंपांतून तर रसायनें वाहतात. त्या पंपाचें सील चुकीचें बसलें तर काय होईल, हें लोट्यास काम करणाऱ्या माणसास समजावून सांगावें लागत नाहीं.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासांतहि याचे दाखले आहेत. दादासाहेब फाळके यांनीं चित्रपट काढण्याचें मनांत घेतलें, तेव्हां त्यांनीं त्या विषयावरील पुस्तकें आणि नियतकालिकें वाचलीं. तरी वाचनावर त्यांचें समाधान झालें नाहीं. १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनला गेले. तेथील ‘बायोस्कोप’ या चित्रपटविषयक पत्राचे संपादक कॅबर्न यांनीं त्यांची सेसिल हेपवर्थ यांच्याशीं गांठ घालून दिली, आणि हेपवर्थ यांनीं वॉल्टन येथील आपल्या स्टुडिओंतील कामाच्या सर्व शाखा त्यांस उघडून दाखविल्या. एप्रिलच्या आरंभीं फाळके परत आले आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्यांच्या पाठीशीं कोणताहि मालक नव्हता. तो खर्च त्यांनीं स्वतःच्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून केला. त्यांची वाटीभर उकड त्यांच्या संसारांतून आली.

उलट, अंताजी दामोदर काळे यांनीं लोकांकडून एकेक पैसा गोळा करून जो पैसाफंड उभारला, त्यांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. परदेशीं शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखालीं तो चाले. तेथें कारखाना हीच शाळा होती. भट्टीपाशीं शिकलेले तरुण पुढें ठिकठिकाणच्या कांचकारखान्यांत गेले. कांच शिकतांना किती फुटली असेल! ती समाजाच्या पैशानें फुटली, आणि म्हणूनच एका कुटुंबाचें दिवाळें न निघतां तो धंदा अनेकांच्या हातीं आला.

आज सरकारनेंहि हें तत्त्व मान्य केलें आहे, परंतु अर्धेंच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानें तीस किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचें बंधन आहे, आणि २०१६ पासून त्यांच्या विद्यावेतनाचा कांहीं भाग केंद्र सरकार उचलतें. ही सोय नवख्यांसाठीं झाली. जो नोकरींत मुरला, त्याला पुन्हां शिकाऊ होण्याची मुभा मालकाच्या इच्छेवर राहते. शिक्षकांस दर वर्षीं निदान पन्नास तास व्यावसायिक शिक्षण मिळावें, असें २०२० च्या शैक्षणिक धोरणांत म्हटलें आहे. ते सारे तास खुर्चीवर बसून ऐकण्यांत जाऊं नयेत, थोडे तरी दुसऱ्या चांगल्या शाळेच्या प्रयोगशाळेंत, पुस्तकालयांत आणि वर्गांत काम करण्यांत जावेत, एवढेंच आमचें मागणें आहे.

मात्र ‘प्रत्यक्ष अनुभव’ या गोड नांवाखालीं फसवणूकहि होते, म्हणून आम्हीं त्या विद्यार्थ्यास चार गोष्टी आधीं लिहून घेण्यास सांगितलें.

पहिली : कोणतें काम, कोणाच्या हाताखालीं, किती दिवस, हें स्पष्ट असावें. ‘सर्व कांहीं पाहावयास मिळेल’ याचा अर्थ बहुधा कांहींच करावयास मिळणार नाहीं, असा होतो.

दुसरी : वेतन, प्रवास, मुक्काम आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हें दोन्ही कारखान्यांनीं ठरवावें. जाणाऱ्या माणसानें रजा खर्चून जाऊं नये. तो कामावरच आहे.

तिसरी : यजमान कारखान्यास त्या रकमेंतून मोबदला मिळावा. त्याचा कारागीर शिकवितांना त्याचें काम थांबतें, माल बिघडतो. मोबदला न दिल्यास तो पाहुण्याकडून झाडलोट करून घेईल किंवा रिकाम्या जागेवर फुकटचा मजूर म्हणून उभा करील. आणि त्यांत त्याचाच सर्वस्वीं दोष म्हणतां येणार नाहीं.

चौथी : परत आल्यावर निदान दोघांस तें काम शिकवावें, आणि त्यासाठीं लागणारें साहित्य व वेळ मालकानें द्यावा. आमच्या ग्रंथपाल बाईंना ती पेटी मिळाली नसती, तर त्यांचे बारा दिवसहि व्याख्यानासारखेच विरून गेले असते.

संगणकावरील वर्ग निरुपयोगी आहेत, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. आम्ही पुस्तकावर पोट भरलेले लोक. शब्दाला कमी कसें लेखूं? शास्त्र न जाणतां नुसता हात चालविणाराहि तितकाच अपुरा. परंतु शब्द घरीं बसून थोडक्या खर्चांत मिळतो, दुसऱ्याचा कारखाना मिळत नाहीं. म्हणून मोजका पैसा असेल तेव्हां, जें फुकट किंवा स्वस्त मिळतें तें स्वतःच्या वेळांत वाचावें आणि तो पैसा दुर्मिळ गोष्टीसाठीं राखावा.

विद्यार्थी सांगलीकडे जाऊन आला. गेल्या रविवारीं तो येऊन म्हणाला, “गुरुजी, पहिल्या पांच दिवसांत चार सील बिघडविलीं. मिस्त्रींनीं तीं फेंकूं दिलीं नाहींत; प्रत्येकाला चिठ्ठी बांधून, कां बिघडलें तें माझ्याच हातानें लिहावयास लावलें.” त्यांतलें एक तो मागून घेऊन आला होता. त्याच्या गुळगुळीत तोंडावर धुळीचा एक कण राहून गेला होता आणि तेवढ्यानें त्यावर केसासारखी चीर उमटली होती. तें तो आतां हाताखालच्या दोघां मुलांस दाखवितो. त्याच्या मातोश्रींनीं भिंतीवर प्रमाणपत्रासाठीं धरून ठेविलेली जागा मात्र अद्याप रिकामीच आहे, आणि त्याबद्दल त्यांचा आमच्यावर थोडा रागहि आहे. तो आम्ही सोसूं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांतील मुलगे, मुली आणि सुना अशा ठिकाणीं नोकरीस असतील कीं, जेथें ही शिक्षणाची रक्कम त्यांच्या नांवें पडून असते आणि मार्चअखेर निमूटपणें परत जाते. त्यांनीं मार्चची वाट पाहूं नये. आपल्या कामाशीं ज्यांचा रोजचा संबंध येतो, अशी एक चांगली संस्था शोधावी आणि वरिष्ठांकडे एकच मागणी करावी : तेथें जाऊन काम करण्याची, आणि काम करतांना चुकण्याची, मुभा द्या.