मुख्याध्यापक कारकून झाले, मग शाळा चालवतंय कोण?

मंडळी, आज एक जुनी चूक कबूल करतो.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सकाळी अकराला गेलो. चार वर्ग, दोन शिक्षक. मॅडम चारही वर्ग एकाच खोलीत घेऊन बसलेल्या, मुख्याध्यापकांची खुर्ची रिकामी. फोटो काढला. दुसऱ्या दिवशी बातमी : 'मुख्याध्यापक गायब, विद्यार्थी वाऱ्यावर.' बातमी गाजली. गुरुजींना नोटीस गेली, मला शाबासकी मिळाली.

नंतर कळलं, गुरुजी त्या दिवशी तालुक्याला गेले होते. शिष्यवृत्तीसाठी मुलांच्या बँक खात्यांची यादी द्यायला, तीही तिसऱ्यांदा. आधीच्या दोन याद्या त्याच कार्यालयात कुठंतरी हरवल्या होत्या. बोलावणारं कार्यालय तेच, नोटीस काढणारंही तेच! खुलासा मी छापला, पण आतल्या पानावर, चार ओळींत.

गेल्या महिन्यात ते बाजारात भेटले. आता निवृत्त आहेत. रागावले नाहीत. म्हणाले, "पत्रकारसाहेब, तुम्ही खोटं नव्हतं लिहिलं. मी वर्गात नव्हतोच. फक्त वर्षातले असे किती दिवस नव्हतो, एवढं विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

लहान शाळेत 'मुख्याध्यापक' म्हणजे कोण, हे आपल्याला ठाऊकच नसतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यातल्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० च्या वर पोरं असली तरच वेगळा मुख्याध्यापक. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत तीस-चाळीस पोरं. तिथं सेवाज्येष्ठ शिक्षकाकडेच पदभार. म्हणजे दोन वर्ग शिकवा आणि शाळाही चालवा. कारकून नाही, शिपाई नाही.

आणि चालवायचं काय? पोषण आहाराचा तांदूळ, पहिली ते पाचवीला डोई शंभर ग्रॅम, त्याचा रोजचा हिशेब. आज किती पोरं जेवली ते ॲपवर. यू-डायसची माहिती, आधारची दुरुस्ती, अपार आयडी. वरून कुठला दिन, कुठला पंधरवडा, की त्याचे फोटो. शिवाय व्हॉट्सॲपवर 'तात्काळ सादर करा' आहेच. डोंगराकडच्या शाळेत रेंज नसते, म्हणून मास्तर फोन हातात धरून टेकाडावर उभा. इकडे तिसरीतलं पोर जोडाक्षरापाशी अडलंय, त्याच्याकडे बघायला कोणी नाही.

त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं, शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम देता येणार नाही. मग ही माहितीची कामं? पळवाट सोपी आहे. ती 'शाळेचीच कामं' ठरवली की झालं.

आता काही जण म्हणतील, पत्रकार मास्तरांचा वकील झाला. अजिबात नाही. ऑनलाइन कामाच्या नावाखाली दिवस ढकलणारे महाभागही मी पाहिलेत. तालुक्याच्या गावी घर आणि शाळेत पाहुणा, असेही आहेत. त्यांना सोडू नका. पण त्यांना लपायला जागा कोणी दिली? ह्याच कागदांनी! माहिती वेळेत गेली की शाळा 'चांगली'. मग पोरांना वाचता येतं की नाही, हे तपासायचं कशाला?

माझ्या मते शाळेचं नेतृत्व म्हणजे भाषण नव्हे आणि रंगवलेल्या भिंतीही नव्हेत. असल्या भिंतींचे फोटो मीच 'आदर्श शाळा' म्हणून छापलेत, पण तिथल्या एकाही पोराला वाचून दाखव म्हटलं नाही. शाळेचा प्रमुख तो, ज्याला प्रत्येक पोर कुठं अडलंय हे ठाऊक असतं. जो सहकारी मॅडमच्या वर्गात मागच्या बाकावर बसतो आणि सुटल्यावर विचारतो, "ही वजाबाकी वेगळी शिकवून बघूया का?" हे करायला डोकं लागतं, माया लागते आणि सगळ्यात आधी वेळ लागतो. तोच आपण काढून घेतलाय.

म्हणून माझ्या साध्या मागण्या. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत कुठलीही माहिती मागवू नये. दहा-बारा शाळा मिळून एक डाटा ऑपरेटर द्यावा. आणि भेटीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर उघडण्याआधी पाच पोरांकडून अर्धं पान वाचून घ्यावं.

आपलंही काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणशे टक्के पालक असावेत असं कायदाच सांगतो. आपल्या गावात बैठक होते की नुसती वही फिरते आणि सह्या होतात? पुढच्या बैठकीला जा. खिचडीचा आणि रंगाचा हिशेब जरूर मागा. पण त्याआधी विचारा, "गुरुजी, गेल्या महिन्यात तुम्ही किती दिवस पूर्णवेळ वर्गात होतात? आणि नव्हतात तेव्हा तुम्हाला कोणी बोलावलं होतं?"

उत्तरातला दुसरा भाग मला कळवा. ह्या वेळी बातमी पहिल्या पानावर छापतो.