गंजिफा शोभेची की खेळायची?

वारणानगरच्या परिसरात सुट्टीत तिघांनी खेळायचा तीन-दोन-पाचचा पत्त्यांचा डाव अजूनही रंगतो. आता बाजारात सावंतवाडीच्या गंजिफाशैलीत रंगवलेले बावन्न पानी कॅटही मिळतात. या नव्या-जुन्या मिश्रणाबद्दल मात्र दोन तट आहेत.

जुन्या खेळाचे चाहते नाराज आहेत. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पाने. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. राजा-प्रधानांखाली पाच रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या पाचांत एक्का. दिवसा पहिली उतारी रामाच्या राजाची, रात्री कृष्णाच्या. हे सारे वगळून नुसती चित्रे उचलली, तर खेळ कुठे उरला, असे ते विचारतात.

दुसरी बाजूही खरी आहे. सावंतवाडीच्या राजघराण्यातील राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले आणि शिवरामराजे यांनी १९७०च्या दशकात तिथल्या राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. ती टिकायची तर कारागिराच्या हाताला काम हवे. हाताने रंगवलेला १२० पानांचा संच महाग पडतो. छोटा कॅट घराघरांत जातो.

आमचे मत असे: नवा कॅट जरूर विकावा, पण सोबत मूळ खेळाचे नियम मराठीत छापून द्यावेत. गंजिफाही तिघांचाच डाव, त्यात हुकूम नसतो. तीन-दोन-पाच खेळणाऱ्याला तो अवघड नाही. वाचकांपैकी कुणी घरच्या वडीलधाऱ्यांकडून तो शिकले असेल, तर नियम लिहून पाठवा. आम्ही ते आनंदाने छापू.