दप्तरदारी : रिकाम्या चौकटींची रुजुवात

अस्सल पत्राची नक्कल छापताना कागद जेथे फाटला असेल किंवा कसरीने खाल्ला असेल तेथे टिंबे द्यावीत, आपल्या तर्कातला शब्द तेथे गुपचूप बसवू नये, ही शिस्त मराठी इतिहाससंशोधनाच्या अंगी इतकी मुरलेली आहे की, ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला आणि जेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही उभे आहे, त्या गावच्या देवपुरात बसून तिची उजळणी करणे म्हणजे उगाच शब्द खर्चणे होय. तथापि संकेतस्थळांवरील जुन्या लेखांतून चित्रे नाहीशी होऊन रिकाम्या चौकटी उरलेल्या दिसतात, तेव्हा त्यांची डागडुजी करणारे लोक ही शिस्त जणू आपल्याला लागूच नाही अशा थाटात वागतात. म्हणून या आठवड्याची कैफियत त्यांच्याविषयी.

लेखात चित्र आहे असे आपण म्हणतो, वस्तुतः तेथे चित्राचा केवळ पत्ता असतो, आणि चित्र अन्यत्र, पुष्कळदा परक्याच्या घरी, मुक्कामास असते. घरमालकाची मर्जी फिरली की ते गेले. फुकट जागा देणारे जिओसिटीज २००९ साली बंद झाले. पिकासाच्या अल्बमांचा कारभार २०१६ साली आवरला. आणि २०१७ च्या जूनमध्ये फोटोबकेटने इतरांच्या पानांवर चित्रे दाखवू देण्याबद्दल वर्षाला सुमारे ४०० डॉलरांचा आकार बसविला, तेव्हा फुकट मिळालेल्या जागेवर विसंबून ज्यांनी हौसेने किल्ल्यांची आणि लेण्यांची सचित्र वर्णने लिहिली होती, त्यांच्या लेखांत चित्रांऐवजी कंपनीच्या सूचनेचे फलक लागले. स्वतःच्या सर्व्हरवर चित्रे ठेवणारेही सुरक्षित नव्हते. विंडोजवर फाइलीच्या नावाअखेरच्या मोठ्या आणि लहान लिपीतल्या ‘जेपीजी’मध्ये भेद मानला जात नाही, लिनक्स तो काटेकोर मानते, तेवढ्यावरून एकेका संकेतस्थळाची स्थलांतरानंतर दाणादाण उडते.

देवनागरीत नावे देणाऱ्याला याहून सूक्ष्म जाच आहे. ‘सातपुड्यातील-दऱ्या’ अशा नावाच्या फाइलीतला ऱ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, दुसरा र आणि खालचा नुक्ता यांच्या जोडीने. डोळ्याला दोन्ही रूपे एकच दिसतात, यंत्राच्या लेखी ती भिन्न असतात. ॲपलच्या जुन्या संगणकांत फाइलींची नावे अशी फोडून ठेवण्याचा प्रघात होता. त्यामुळे तेथून उचललेले चित्र लिनक्सच्या सर्व्हरवर गेले की लेख अखंड ऱ मागत राहतो, दाराशी दुसराच ऱ उभा असतो, आणि वाचकाला चौकट रिकामी दिसते. दोष सापडेपर्यंत तंत्रज्ञ बिचारा भलत्याच गोष्टी तपासत बसतो, कारण पडद्यावरची दोन्ही नावे तंतोतंत जुळलेली असतात!

इथवरचे काम तांत्रिक. यापुढचे संपादकाचे, आणि नेमके तेच कोणी संपादकाकडे सोपवीत नाही. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुन्या पानाची नक्कल पुष्कळदा मिळते, व त्या संस्थेचे उपकार मोठे आहेत. परंतु तेथील पान एका तारखेचे आणि त्यावरचे चित्र दुसऱ्या तारखेला टिपलेले असू शकते, हे डागडुजी करणाराच्या ध्यानीही नसते. मधल्या काळात त्याच पत्त्यावर दुसरे चित्र चढविलेले असेल तर? रुजुवात केल्यावाचून ते लेखात बसविणे म्हणजे खोटा दाखला देणे होय.

त्याहून वाईट चाल अशी की, मूळ चित्र मिळत नाही तेव्हा त्याच विषयाचे दुसरे बरेसे चित्र शोधून चौकट भरून टाकायची. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख घ्या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठाची हकीकत सांगणारा हा तेराव्या शतकाच्या आरंभीचा लेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास विद्वानांपुढे आणला. त्यावरील लेखात शिळेचे छायाचित्र असेल तर ते शोभेसाठी नसते, लेखकाच्या वाचनाचा तो पुरावा असतो. आणि ते हरवल्यावर तेथे पाटणादेवीच्या मंदिराचे रम्य दृश्य लावणारा इसम पान सजवतो, पण पुरावा बुजवतो. विकिपीडियावर तर कॉमन्स या सामाईक चित्रसंग्रहातून एखादे चित्र वगळले गेले की एक स्वयंचलित सांगकाम्या निरनिराळ्या भाषांच्या लेखांतून त्याचा दुवाच काढून टाकतो. पानाच्या इतिहासात त्याची नोंद राहते खरी, पण ती उघडून पाहणारा वाचक विरळा. माझे मत विचाराल तर या टापटिपीपेक्षा ती कुरूप मोडकी चौकट अधिक प्रामाणिक आहे. निदान येथे काही होते एवढी साक्ष तरी ती देते.

आपल्याच धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर हे ज्यांचे जन्मगाव, त्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्या छापील खंडांतील नोंदींत ‘चित्रपत्र’ आणि त्याचा क्रमांक असा हवाला कंसात दिलेला असतो. उद्या ते पान कोणी फाडून नेले तरी काय गेले हे सांगता येते. उलट संकेतस्थळावरच्या चित्रांची नावे कॅमेऱ्याने दिलेली, आकड्यांची असतात, खाली ओळ नसते, छायाचित्रकार कोण आणि साल कोणते याचा पत्ता नसतो. अंध वाचकासाठी चित्राचे वर्णन लिहावयाची सोय असते, ती कोरी. ते चार शब्द लिहिलेले असते तर चित्र हरवूनही लेख पांगळा झाला नसता.

तेव्हा मूळ चित्र मिळाले तर कोठून व कोणत्या तारखेच्या नकलेवरून घेतले ते त्याखाली नमूद करावे. दुसरे लावणे भागच असेल तर ते दुसरे आहे असे लिहावे. आणि काहीच हाती नसेल तर ‘मूळ चित्र उपलब्ध नाही’ ही ओळ घालावी. पण एवढी मेहनत करणार कोण, हा सवाल उरतोच, कारण संस्था नव्या संकेतस्थळाच्या उद्घाटनासाठी पैसा उभा करतात, जुन्या लेखांच्या रुजुवातीसाठी खर्चाचे सदर काढीत नाहीत. निदान नव्या कामाचा करार करतानाच जुन्या प्रत्येक पत्त्यासमोर नवा पत्ता लिहिलेला तक्ता मक्तेदाराने द्यावा अशी अट घालावी, आणि शेपन्नास जुने लेख उघडून संस्थेच्या माणसाने खातरजमा करेपर्यंत देयकाचा अखेरचा हप्ता अडवून ठेवावा.

— दप्तरदार, देवपूर (धुळे)