घडणावळ

आमच्या घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. मराठी गिऱ्हाईक असेल तर ‘‘किलोला कसं?’’ आणि कानडी असेल तर ‘‘किलोक एष्ट्री?’’ सीमाभागात दोन्ही भाषिकांचे कशावरच एकमत होत नाही असे म्हणतात; या प्रश्नावर मात्र ते पूर्ण आहे. आणि माझे म्हणणे असे की, हा प्रश्नच चुकीचा आहे.

माझी आई घरी लग्नाचे केक करते. दोन-तीन मजल्यांचे, साखरेच्या फॉन्डंटने मढवलेले, ज्याच्या-त्याच्या हौसेप्रमाणे सजवलेले. ऑर्डरची वही माझ्याकडे असते आणि कानडी गिऱ्हाइकांशी बोलण्याचे कामही माझेच. आपल्या लग्नांत हे परके खूळ कशाला, असे वर्गातले काही मित्र विचारतात. त्या वादात मी शिरत नाही. शेजारच्या गोव्यात आणि आमच्या बेळगावच्या कॅम्पात ख्रिस्ती लग्नांत केक पूर्वीपासून आहे. आता तो इतरांच्या रिसेप्शनलाही आला आहे, एवढे खरे. मला बोलायचे आहे ते केकच्या हिशेबाविषयी. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने दुसरे कशावर लिहावे?

ज्यांना फॉन्डंट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि चिकटपणासाठी जिलेटिन एकत्र करून कणकेसारखा गोळा मळायचा, पोळीसारखा लाटायचा आणि एका झटक्यात केकवर पांघरायचा. त्याआधी केकला चॉकलेट व क्रीमचा जाड थर देऊन तो गिलावा केलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत करावा लागतो, नाहीतर आतला प्रत्येक खड्डा वर दिसतो. फॉन्डंट हवेतली ओल शोषते. आमचा बेळगावचा पावसाळा तर त्याचा वैरीच. फ्रीजमधून काढलेला केक घामेजतो आणि रंग ओघळतात. वरच्या मजल्याचे वजन खालच्या मजल्याने पेलावे म्हणून आत आधाराच्या काड्या रोवाव्या लागतात. फुले आठवडाभर आधी करून वाळवत ठेवावी लागतात. यातले कोणतेही काम घाईने होत नाही.

गेल्या मार्गशीर्षात गावातल्याच एका लिंगायत कुटुंबाकडून पाच किलोच्या तीन मजली केकची ऑर्डर आली. नवऱ्या मुलीची इच्छा अशी की, आजीच्या लग्नातल्या इरकल लुगड्याची नक्कल केकवर हवी. आपण ज्याला टोपपदर म्हणतो आणि कानडीत ज्याला ‘टोपी तेणी’ म्हणतात, तो लाल रंगावर पांढऱ्या शिखरांचा पदर खालच्या मजल्यावर. मधल्या मजल्यावर कसुतीच्या टाक्यांतले गोपूर आणि तुळशीवृंदावन. आणि माथ्यावर साखरेच्या मोगऱ्याचा गजरा. अंडे चालणार नव्हते. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होते, म्हणून तेही नको. आईने समुद्रशैवालाचे अगर-अगर घालून फॉन्डंट मळले. दर सांगणारी मी. नेहमीप्रमाणे वही उघडून मी सांगून टाकले, किलोला 1,400 रुपये.

तो आठवडा मी विसरणार नाही. गडद लाल रंग साधायला रंग इतका घालावा लागतो की फॉन्डंट सैल पडते आणि चवीला कडवट होते. आईने दोनदा मळलेला गोळा टाकून दिला. मोगऱ्याच्या कळ्या मी वळत होते आणि आई एकेक शिखर कापून चिकटवत होती. केक पोचवून आल्यावर रात्री आई मनगटाला तेल चोळत बसली होती. ती म्हणाली, ‘‘असली ऑर्डर परत घेऊ नकोस बाई.’’

त्याच रात्री मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. मिळाले 7,000. साहित्य 3,150; बोर्ड, काड्या आणि खोके 400; गॅस व वीज 250; गाडीभाडे 600. एकूण खर्च 4,400, शिल्लक 2,600. आता तास. फुलांना आईचे 12, कसुती आणि पदराला 8, भाजणे व थर देणे 6, मळणे व रंगवणे 3, जोडणी व पोचवणे 2. असे आईचे 31 आणि माझे 9, मिळून 40. म्हणजे तासाला 65 रुपये! यात भट्टीचा घसारा धरलेलाच नाही. दिवाळीआधी आमच्या मागल्या भिंतीला गिलावा करायला आलेल्या गवंड्याला आम्ही आठ तासांच्या दिवसाचे 900 रुपये दिले होते, आणि ते देताना घासाघीस केली नव्हती. त्याच्या हातातल्या कसबाची ती किंमतच होती. मग साखरेचा गिलावा करणाऱ्या हाताला निम्म्याच्या आसपासच का?

पी. यू. सी.पासून मी परिव्ययाची प्रमेये पाठ करीत आले आहे. मराठी शाळेतून आल्यामुळे इंग्रजी संज्ञा घोकाव्या लागल्या, म्हणून त्या पक्क्याही झाल्या. मालाचा खर्च, मजुरीचा खर्च, इतर खर्च. परीक्षेत मी यातले एकही सदर विसरले नाही. घरी मात्र मधले सदर दोन वर्षे कोरे राहिले, आणि ते माझ्या लक्षातही आले नाही. आईला कागद दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘‘म्हणजे तुझ्या नऊ तासांचे मी काहीच दिले नाही की!’’ स्वतःचे एकतीस तास तिला दिसलेच नाहीत. घरच्या कामाला वेळ धरायचा नसतो, हे आपण बायकांना इतके शिकवले आहे की गिऱ्हाईक दाराशी आले तरी ते काम घरचेच राहते.

मित्रहो, आमचा कुंदा किलोवर विकला जातो ते योग्यच आहे. डब्याच्या या कोपऱ्यातला कुंदा आणि त्या कोपऱ्यातला कुंदा एकच. पण शहापुरात सराफाकडे जाऊन पाहा. सोन्याचे वजन वेगळे आणि घडणावळ वेगळी, अशा दोन ओळी पावतीवर असतात. तीच इरकल घ्यायला गेल्यावर कोणी ती तराजूत घालून मागत नाही. मग तिचा पदर साखरेत उतरवल्याबरोबर तो तराजूत का जावा?

शोभेला स्वतंत्र किंमत असते हे केकच्या इतिहासातही दिसते. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, ब्रिटनमध्ये साखरेच्या टंचाईमुळे केकवर आयसिंग करण्यास बंदी आली. तेव्हा लग्नात आत लहानसा साधा केक आणि वर पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टरचा नक्षीदार डोलारा असे, आणि हा डोलारा लोक पैसे देऊन भाड्याने आणीत. त्यातला घासभरही खाण्याजोगा नव्हता; पैसे होते ते घडणीचे. अलीकडचे उदाहरण पुण्याचे. प्राची धबल देब यांनी अंड्याविना केलेल्या रॉयल आयसिंगमधून मिलानच्या कॅथेड्रलची 100 किलोची प्रतिकृती उभी केली. तिथे उभे राहून ‘किलोला कसं?’ असे विचारण्याची कोणाची छाती होईल?

याला उत्तरे मिळतात ती मला ठाऊक आहेत. पहिले असे की, फॉन्डंट खातो कोण? बरेच जण ते सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात. खरे आहे. तोरण आणि रांगोळी तरी कोण खातो? दुसरे असे की, परवडत नसेल तर मधला मजला थर्माकोलचा करा आणि दर निम्मा लावा. थर्माकोलवरही फॉन्डंट तेवढेच लाटावे लागते, कसुतीचे ठिपकेही तेवढेच पडतात. वाचतो तो फक्त आतला केक. किलोच्या हिशेबात हे कधीच कळत नाही. तिसरे उत्तर जास्त बोचते: ‘‘घरी बसूनच तर करता!’’ बसून कोण करते, ते एकदा येऊन पाहावे. चौथे मात्र मी मान्य करते. दर वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही भीती खोटी नाही.

तरीही संक्रांतीनंतर आम्ही पावतीवर दोन ओळी सुरू केल्या. केकचे साहित्य व इतर खर्च पहिल्या ओळीत. दुसरीत घडणावळ, तासाला 125 रुपये. कानडी गिऱ्हाइकांसाठी मी तिथे ‘मजुरी’ लिहिते. तो शब्द दोन्हींकडे चालतो. या हिशेबाने तो इरकलचा केक 9,400 चा झाला असता. त्यानंतर पाच जण विचारायला आले. दोघे परत गेले. दोघांनी फुले कमी करून घेतली, कारण पैसे कशाचे लागतात हे त्यांना प्रथमच दिसले. एकीने सगळे मान्य केले. आई अजून दुसरी ओळ सांगताना आवाज खाली आणते, म्हणून ती मी वाचते.

आणखी एक आठवण सांगून संपवते. त्या लग्नात केक टेबलावर ठेवल्यावर नवऱ्या मुलीच्या अज्जी काठी टेकीत जवळ आल्या. चष्मा सावरून त्यांनी तो पदर न्याहाळला, बोट लावू की नको असे करीत मागे घेतले, आणि आईला कानडीत विचारले, ‘‘याला किती दिवस लागले गं?’’ आईला प्रश्न कळला. तिने आठ बोटे दाखवली. अज्जी काही न बोलता तिचा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. दोन वर्षांत आमच्याकडे विचारलेला तो पहिला बरोबर प्रश्न होता. वाचकहो, तुमच्या घरच्या लग्नात केक सांगायला जाल, निदान शेजारच्या काकूंकडे रुखवताचे काही करून घ्यायला जाल, तेव्हा आधी तो विचारा. दराचे मग बोलू.