वाफ्यातील अंतर

प्रार्थनेच्या रांगेत मुलांना हातभर अंतर ठेवावयास सांगणारा मी, छत्रीबागेतील आमच्या परसात मात्र माठाचे बी मूठमूठ फेकीत असे. दाटीत पाने परस्परांवर सावली धरतात. ऊन न मिळाल्याने त्यांतील 'क' जीवनसत्त्व घटते आणि नायट्रेट साचते. वाणाचाही गुण असतोच. लाल माठाचे तांबडे रंगद्रव्य हिरव्या माठात तितके उतरत नाही. पुसा येथे गव्हाचे सुधारित वाण सिद्ध करणारे अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदुरात होते. केवळ वाण पुरेसा नाही, जमिनीचा कसही हवा, हा त्यांचा आग्रह. तेव्हा गृहिणींनो, वाण पारखा आणि वेळीच विरळणी करा. उपटलेली कोवळी रोपे त्याच दिवशी भाजीस घ्यावीत. वाढत्या मुलांच्या ताटात पान सकस पडावे.