जनुके वाचायला शिकवणारी उन्हाळी शाळा

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ हिंक्स्टन नावाचे छोटे गाव आहे. जगभरातील जनुकीय माहितीची भांडारे सांभाळणारी ‘युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूट’ तिथे आहे. या संस्थेतर्फे संगणकीय जीवशास्त्राची आठवडाभराची उन्हाळी शाळा भरते. देशोदेशीचे विद्यार्थी येतात, काही वेळ व्याख्याने ऐकतात आणि उरलेला वेळ छोट्या गटांत खऱ्या माहितीवर काम करतात.

अशा शाळेत सॉफ्टवेअर शिकायला मिळते, म्हणून जावे, असे आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांना वाटते. पण ते तर आता घरबसल्या, फुकटातही शिकता येते. शाळेचा खरा धडा वेगळाच आहे. समजा, एका गटाला रुग्ण आणि निरोगी व्यक्तींच्या जनुकांत मोठा फरक दिसला. संगणकाने सुबक आलेखही काढून दिला. मग कोणीतरी विचारते, ‘हे नमुने तपासले कधी आणि कुठे?’ रुग्णांचे नमुने एका यंत्रावर आणि निरोगींचे दुसऱ्यावर तपासले असतील, तर दिसलेला फरक आजाराचा नसून यंत्राचाही असू शकतो. हा प्रश्न सुचायला जीवशास्त्र लागते, त्याची शहानिशा करायला संख्याशास्त्र आणि संगणक. दोघे एका टेबलाशी बसल्याशिवाय हे जमत नाही.

आपल्या दृष्टीने हे महत्त्वाचे का? जनुके आणि आजार यांच्या संबंधावरचे बहुतांश संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहे. ते जसेच्या तसे आपल्याला लागू पडत नाही. हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरे गळालेली असण्याचा दोष भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत आढळतो. युरोपीय लोकांत तो जवळजवळ नसतोच. हृदयाचे स्नायू निकामी होण्याशी त्याचा संबंध हैदराबादच्या ‘सीसीएमबी’सह अनेक संस्थांच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवला. आपली माहिती आपण तपासली नसती, तर हा धोका लक्षात कसा आला असता?

आता ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती फरिदाबादच्या केंद्रात जमा झाली असून, जानेवारी २०२५ पासून ती संशोधकांसाठी खुली करण्यात आली आहे. माहिती आली; ती वाचणारे कुठे आहेत? आपल्याकडे जीवशास्त्राचा विद्यार्थी गणिताला घाबरून अकरावीतच ते सोडतो आणि संगणकाच्या विद्यार्थ्याचा जीवशास्त्राशी पुन्हा संबंध येत नाही.

परदेशी शाळेचे शुल्क, विमानभाडे आणि व्हिसा किती जणांना झेपणार? ज्यांना संधी मिळेल त्यांनी जरूर जावे; तिथली ओळखपाळख आयुष्यभर उपयोगी पडते. पण या शाळेचा गाभा महाग नाही. सरावाला पुरेल एवढी माहिती जगभरच्या भांडारांत मोफत आहे. संगणक प्रयोगशाळा बहुतेक महाविद्यालयांत आहेत आणि मे महिन्यात त्या रिकाम्याच असतात. आपल्या विद्यापीठांनी जीवशास्त्र, संगणक, संख्याशास्त्र आणि वैद्यक यांचे मोजके विद्यार्थी आठवडाभर एकत्र बसवावेत, त्याला श्रेयांक द्यावेत. प्राध्यापकांनी मात्र आपापल्या विभागाची दारे उघडी ठेवायला हवीत. खर्चापेक्षा तेच अवघड आहे, आणि सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.